बायबलमधील ईश्वराच्या मानवी प्रतिमा

बायबलमधील ईश्वराच्या मानवी प्रतिमा : ईश्वराच्या ठिकाणी मानवी अवयव, कृती, भावना किंवा सामाजिक नाती कल्पून बायबलमध्ये केलेली वर्णने. या वर्णनपद्धतीस ‘मानवगुणारोप’ असे म्हणतात. तिची पाश्चात्त्य संज्ञा ‘आंथ्रोपॉस’ (मानव) व ‘मॉर्फे’ (रूप) या ग्रीक शब्दांपासून बनलेली आहे. हात, मुख, डोळे, कान यांचा आरोप, तसेच राग, खेद, मत्सर, वात्सल्य या भावनांचा आरोप असे तिचे दोन भेद करतात. राजा, न्यायाधीश, योद्धा, मेंढपाळ, कुंभार, पती, पिता, माता या भूमिकांच्या प्रतिमा हा तिसरा आणि सर्वांत प्रभावी भेद होय.

बायबलमधील ईश्वर अदृश्य व अतुलनीय मानलेला आहे, त्याची मूर्ती करण्यास सक्त मनाई आहे आणि तरीही त्याचे वर्णन जवळजवळ सर्वत्र मानवी शब्दांत आहे. या विसंगतीचा अर्थ लावणे हा बायबलच्या अर्थनिर्णयातील एक जुना आणि अद्याप जिवंत असलेला प्रश्न आहे. प्रतिमा शब्दशः घेतल्यास ईश्वर हा मोठ्या आकाराचा मनुष्य ठरतो. केवळ अलंकार म्हणून त्या बाजूला सारल्यास ज्याची प्रार्थना करता येईल असे काहीच उरत नाही. या दोन टोकांमधील वाट धर्मग्रंथाने स्वतः कशी काढली आहे, हे पाहणे या समीक्षेचे मुख्य काम होय.

प्रतिमांचे स्वरूप : ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथाच्या प्रारंभीच्या अध्यायांत ईश्वर मातीपासून माणूस घडवितो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, बाग लावतो, दिवस कलल्यावर त्या बागेत फिरतो, आदाम व हव्वा यांना चामड्याची वस्त्रे करून घालतो, नोहाच्या तारवाचे दार स्वतः लावतो, होमाचा सुवास घेतो आणि बाबेलचा बुरूज पाहण्यासाठी खाली उतरतो. ‘निर्गम’मध्ये तो आपल्या बोटाने पाषाणाच्या पाट्यांवर लिहितो (३१:१८) आणि समुद्रगीतात त्याला युद्धवीर म्हटले आहे (१५:३). स्तोत्रांत तो मेंढपाळ व राजा आहे. यशया व यिर्मया या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत कुंभार आहे. होशेयाच्या ग्रंथात तो प्रतारणा झालेला पती, तसेच लेकराला चालायला शिकविणारा पालक आहे.

प्रतिमा केवळ मानवीच आहेत असे नाही. खडक, ढाल, पंख पसरणारा पक्षी अशी आश्वासक रूपे जशी येतात, तसेच सिंह, चित्ता, पिले हिरावलेली अस्वल (होशेय १३:७-८) आणि वस्त्राला लागणारी कसर (होशेय ५:१२) यांसारखी धक्कादायक रूपेही येतात. ईश्वराला कसर म्हणणाऱ्या कवीला त्याचे चित्र काढावयाचे नाही, हे उघड आहे. राज्य आतून हळूहळू पोखरले जात आहे आणि त्यामागे ईश्वराचा न्याय आहे, असे त्याला म्हणावयाचे आहे. मानवी प्रतिमाही याच न्यायाने वाचावयास हव्यात. प्रतिमेतून आकार नव्हे, तर कृती आणि संबंध शोधावयाचे असतात.

प्रतिमांमधील सर्वच शब्द सारख्या जोमाचे नसतात. हिब्रू भाषेत ‘याद’ म्हणजे हात व ‘पानिम’ म्हणजे मुख. ‘अमक्याच्या हातून’ किंवा ‘अमक्याच्या मुखापुढे’ या अर्थी येणारे त्यांचे प्रयोग मराठीतील ‘हस्ते’, ‘सन्मुख’ यांप्रमाणे झिजलेले आहेत. त्यांत अवयवाची जाणीव फारशी उरलेली नाही. उलट, ‘निर्गम’च्या तेहतिसाव्या अध्यायात मोशेला ईश्वराचे मुख दिसू शकत नाही, केवळ पाठ दिसते, असे म्हटले आहे, तेव्हा मुख हा शब्द पूर्ण जिवंत असतो. रूढ वाक्प्रचार व जाणीवपूर्वक रचलेली प्रतिमा यांतील हा भेद लक्षात न घेतल्यास वाचक एकतर प्रत्येक शब्दात गूढ अर्थ पाहतो, किंवा कशातच काही पाहत नाही.

अवयवांचा अर्थ : देहाच्या प्रतिमांचा उलगडा करण्यास स्तोत्रसंहितेतील दोन स्थळे विशेष उपयुक्त आहेत. ११५ व्या स्तोत्रात अन्य लोकांच्या मूर्तींचा उपहास आहे : त्यांना तोंड आहे पण वाचा नाही, डोळे आहेत पण दृष्टी नाही, कान आहेत पण श्रवण नाही. ९४ व्या स्तोत्रात, ज्याने कान निर्माण केला त्याला ऐकू येणार नाही काय, असा प्रश्न केला आहे. पहिल्या स्थळी शक्तीवाचून अवयव आहेत. दुसऱ्या स्थळी अवयवाचा आग्रह नसून शक्तीचे प्रतिपादन आहे. ईश्वराचे कान म्हणजे पीडितांची हाक त्याच्यापर्यंत पोहोचते ही खात्री, आणि त्याचे डोळे म्हणजे लपविलेला अन्याय लपून राहत नाही ही जाणीव.

‘बलवान हात व उगारलेला बाहू’ या अनुवाद ग्रंथातील जोडशब्दाला राजकीय इतिहासही आहे. ईजिप्तच्या राजकीय चित्रांत व लेखांत फेअरोचा शत्रूवर उगारलेला हात हे सत्तेचे ठराविक चिन्ह होते. इ. स. पू. चौदाव्या शतकातील अमार्ना पत्रांमध्ये जेरूसलेमचा मांडलिक अब्दी-हेबा हा आपले पद वडिलार्जित नसून राजाच्या बलवान बाहूने मिळाले आहे, असे फेअरोला कळवितो. तीच प्रतिमा इस्राएलच्या मुक्तिकथेत फेअरोकडून काढून गुलामांच्या ईश्वराला दिलेली आहे. येथे ‘बाहू’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘सामर्थ्य’ असा केला, तर अर्थ चुकत नाही, पण त्यातील आव्हान हरवते.

भावनांच्या बाबतीत हिब्रू भाषेची देहनिष्ठा अधिक स्पष्ट दिसते. ‘अफ’ या शब्दाचा अर्थ नाक आणि राग असा दुहेरी आहे. ‘लांब नाकाचा’ म्हणजे लवकर न रागावणारा (निर्गम ३४:६). मराठी बायबलमध्ये यासाठी ‘मंदक्रोध’ हा नेटका शब्द रूढ झाला आहे. नाकाच्या शेंड्यावर राग असतो असे म्हणणाऱ्या मराठी भाषकाला मूळ कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे यिर्मयाच्या ग्रंथात (३१:२०) एफ्राइमसाठी ईश्वराची आतडी कालवतात, असा मूळ शब्दप्रयोग आहे. तेथे इंग्रजी भाषांतरकारांना पुष्कळदा ‘हृदया’चा आश्रय घ्यावा लागतो, पण ‘आतडे तुटणे’ हा मराठी वाक्प्रचार मुळाच्या अधिक जवळचा आहे.

अशा उदाहरणांवरून हिब्रू मन केवळ मूर्त विचार करणारे होते व ग्रीक मन अमूर्त विचार करणारे होते, असा सिद्धांत विसाव्या शतकाच्या मध्यास लोकप्रिय झाला होता. स्कॉटिश विद्वान जेम्स बार यांनी १९६१ मध्ये त्याचे सप्रमाण खंडन केले. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून तो वापरणाऱ्या समाजाची विचारसरणी ठरविता येत नाही. अर्थ वाक्यात असतो, धातूत नव्हे, हा त्यांचा आक्षेप आजही ग्राह्य आहे. नाक हा शब्द वापरणारा प्रत्येक हिब्रू लेखक ईश्वराला नाक आहे असे मानत होता, असे म्हणणे म्हणजे ‘आतडे तुटले’ म्हणणाऱ्या मराठी माणसास शरीरशास्त्राचे अज्ञान आहे असे म्हणण्यासारखे होईल.

ग्रंथांतर्गत मर्यादा : प्रतिमांचा वापर करणारे ग्रंथच त्यांवर मर्यादाही घालतात. मोशेशी ईश्वर मित्राप्रमाणे समोरासमोर बोलत असे, असे ‘निर्गम’ ३३:११ मध्ये म्हटले आहे. त्याच अध्यायात नऊ वचनांनंतर ईश्वराचे मुख पाहून कोणी मनुष्य जिवंत राहू शकत नाही, असे सांगितले आहे. ‘अनुवाद’ ४:१२-१५ नुसार होरेब पर्वतावर लोकांना केवळ वाणी ऐकू आली, आकार दिसला नाही. म्हणून त्यांनी कोणताही आकार करू नये. यहेज्केलला सिंहासनावर मानवाकृती दिसते, परंतु तो ‘सारखे’, ‘प्रमाणे’, ‘आभास’ असे शब्द एकावर एक रचून आपलेच विधान सावरून घेतो (१:२६-२८). मंदिर बांधणारा शलमोन त्याच्या अर्पणाच्या प्रार्थनेत, ज्याला आकाशही पुरत नाही तो या घरात कसा मावेल, असे विचारतो (१ राजे ८:२७).

सर्वांत बोलके उदाहरण पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात आहे. शौलाला राजा केल्याचा ईश्वराला खेद झाला, असे अकराव्या व पस्तिसाव्या वचनांत म्हटले आहे. दोहोंच्या मध्ये, एकोणतिसाव्या वचनात, खेद करावयास ईश्वर काही मनुष्य नाही, असे शमुवेल म्हणतो. क्रियापद तिन्ही ठिकाणी एकच, ‘नाहम’ या धातूचे आहे. काही टीकाकार यास दोन हातांचे लेखन मानतात. तथापि, ज्या संपादकाने ही वचने एकत्र ठेवली त्याच्या दृष्टीस ही विसंगती पडली नसेल, हे संभवत नाही. माणसाच्या वर्तनाने ईश्वराला वेदना होते, आणि तरी त्याचा निर्णय माणसाच्या लहरीसारखा बदलत नाही, ही दोन्ही विधाने त्याला हवी होती. एकच वाक्य ती सांगू शकत नव्हते. ‘नाहम’साठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द योजल्यास मराठी वाचकाच्या मनात पापाची कबुली येते. मूळ शब्दात दुःख होणे, मन वळणे व सांत्वन पावणे या छटा आहेत. अपराधाची कल्पना त्यात अपरिहार्य नाही.

होशेयाच्या अकराव्या अध्यायात नकार आणि प्रतिमा यांचे नाते वेगळे आहे. प्रारंभी लेकराला हाताला धरून चालविणारा पालक दिसतो. ते लेकरू उलटते, शिक्षा अटळ ठरते, आणि त्याच क्षणी पालकाचे मन पालटते. या पालटाचे कारण म्हणून नववे वचन सांगते, की बोलणारा हा ईश्वर आहे, मनुष्य नाही. मानवी प्रतिमेचा निषेध येथे ईश्वराला दूर नेण्यासाठी नसून क्षमेचा आधार म्हणून आलेला आहे. माणूस सूड घेईल तेथे हा घेणार नाही, एवढाच त्या नकाराचा आशय होय.

प्रतिमा एकमेकींवरही अंकुश ठेवतात. यशया ४२:१३ मध्ये ईश्वर युद्धगर्जना करणारा वीर आहे. लगेच पुढील वचनात तो प्रसूतिवेदनांनी कण्हणारी स्त्री आहे. एलिया हा संदेष्टा बआल दैवत झोपले असेल, असे म्हणून त्याच्या भक्तांची थट्टा करतो (१ राजे १८:२७), आणि १२१ वे स्तोत्र इस्राएलचा रक्षक डुलकीही घेत नाही असे सांगते. तरीही ४४ व्या स्तोत्रातील पराभूत समाज आपल्याच ईश्वराला, झोपलास का, जागा हो, असे विनवितो. ही तत्त्वज्ञानातील चूक नव्हे. संकटात सापडलेल्या माणसाची ती तक्रार आहे, आणि स्तोत्रसंहितेने ती पुसून न टाकता उपासनेत ठेवली आहे.

उत्क्रांतिवादी उपपत्ती : जर्मन विद्वान यूलिउस व्हेलहाउझेन यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्राएलच्या इतिहासानंतर जुन्या कराराच्या पहिल्या पाच ग्रंथांचे निरनिराळे मूलस्रोत मानण्याची पद्धत दृढ झाली. ईश्वराला बागेत फिरविणारा यहोवावादी स्रोत प्राचीन, तर केवळ शब्दाने विश्व निर्माण करणाऱ्या ईश्वराचे वर्णन करणारा याजकीय स्रोत उत्तरकालीन. म्हणून इस्राएलची ईश्वरकल्पना स्थूलाकडून सूक्ष्माकडे गेली, असे मानले जाऊ लागले. हे चित्र आकर्षक असले, तरी अपुरे आहे. इ. स. पू. सहाव्या शतकातील निर्वासनकाळाशी निगडित असलेला यशयाचा उत्तरभाग (अध्याय ४० पासून पुढे) ईश्वर अतुलनीय असल्याचे सर्वांत ठामपणे सांगतो, आणि वीर, मेंढपाळ, प्रसूत होणारी स्त्री, तान्हुल्याला न विसरणारी आई या प्रतिमाही तेथेच दाटीने येतात. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील दानीएलाच्या ग्रंथात शुभ्र केसांचा ‘पुराणपुरुष’ सिंहासनस्थ होतो (७:९). एकेश्वरवाद दृढ होत गेला तसतशा प्रतिमा विरळ झाल्या नाहीत. उलट, त्या मुक्तपणे वापरण्याचे धैर्य वाढले. शेजारच्या समाजांतील देवांशी गल्लत होण्याचे भय ओसरल्याचे हे लक्षण मानता येईल.

भाषांतर व तत्त्वज्ञानाची भीड : इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात झालेल्या ‘सेप्टुअजिंट’ या ग्रीक भाषांतरात काही ठिकाणी संकोच दिसतो. सत्तर वडीलजनांनी इस्राएलचा ईश्वर पाहिला, असे मूळ विधान (निर्गम २४:१०) तेथे ईश्वर उभा होता ती जागा पाहिली, असे होते. ‘युद्धवीर’ ईश्वर हा युद्धे मोडून काढणारा होतो. तथापि हात, डोळे इ. शब्द अन्यत्र तसेच राहिले आहेत. म्हणून यामागे सरसकट धोरण होते काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अरामी भाषेतील ‘तारगुम’ भाषांतरांत हा संकोच अधिक नियमित होतो. तेथे ईश्वराऐवजी त्याचा ‘शब्द’, ‘तेज’ वा ‘निवास’ कर्ता बनतो.

अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलो (इ. स. पू. सु. २०–इ. स. सु. ५०) याने, ईश्वर मनुष्यासारखा नाही आणि मनुष्य पुत्राला शिकवितो तसा ईश्वर शिकवितो, ही धर्मशास्त्रातील दोन विधाने समोरासमोर ठेवली. पहिले विधान सत्य सांगते, तर दुसरे सामान्यांच्या शिक्षणासाठी आहे, असा निवाडा त्याने दिला. या निवाड्यात प्रतिमा ही कमी बुद्धीच्या लोकांची सोय ठरते. मध्ययुगातील थोर यहुदी विचारवंत मोझेस मायमॉनिडीझ (११३८–१२०४) याने आपल्या मार्गदर्शिकेच्या पहिल्या भागात अवयववाचक शब्दांचा एकेक करून अमूर्त अर्थ लावला आणि ईश्वराला देह मानणाऱ्यास धर्मभ्रष्ट ठरविले. त्याचा समकालीन टीकाकार अब्राहम बेन डेव्हिड हा ईश्वराला देही मानण्याचा पुरस्कर्ता नव्हता. पण धर्मग्रंथ वाचून भल्याभल्यांनी तसे मानले असता त्यांना धर्मभ्रष्ट म्हणणे त्याला अन्याय वाटले.

या प्रश्नात सामान्य भक्ताचे काय पणाला लागलेले असते, हे चौथ्या शतकाच्या अखेरच्या ईजिप्तमधील वादावरून कळते. अलेक्झांड्रियाचा बिशप थिऑफिलस याने ३९९ च्या पत्रात ईश्वराला मानवाकृती मानणाऱ्यांचा निषेध केला. वाळवंटातील पुष्कळ भिक्षू क्षुब्ध झाले. जॉन कॅशनने नोंदविल्याप्रमाणे सेरापिऑन नावाच्या वयोवृद्ध भिक्षूला युक्तिवाद पटला. पण प्रार्थनेस उभा राहिल्यावर त्याला नेहमीची आकृती मनात येईना, आणि आपला देव कोणीतरी हिरावून नेला, असे म्हणून तो जमिनीवर कोसळून रडू लागला. तात्त्विक दृष्ट्या निर्दोष असलेली शिकवण उपासकाला निराधार करू शकते, हे या प्रसंगावरून दिसते. त्याच काळातील सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याचा अनुभव उलट होता. ईश्वराला केस व नखे आहेत काय, या माणीपंथीयांच्या प्रश्नाने तो तरुणपणी गोंधळला आणि प्रतिमांचा लाक्षणिक अर्थ मिलानमध्ये ऐकल्यावर त्याचा बायबलकडे येण्याचा मार्ग मोकळा झाला. एकाला जे हरवणे वाटले, ते दुसऱ्याला सुटका वाटली.

सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने यातून उपयुक्त भेद काढला. ‘चांगला’, ‘ज्ञानी’ अशी विशेषणे ईश्वराला साम्यानुसार, पण खऱ्या अर्थाने लागू होतात; ‘खडक’, ‘सिंह’ ही केवळ रूपके होत. शिवाय, उदात्त प्रतिमांपेक्षा हीन प्रतिमा अधिक सुरक्षित असतात, कारण त्या शब्दशः घेण्याचा मोह होत नाही, हे डायोनिशियसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथांतील मत त्याने स्वीकारले. या कसोटीवर खरा धोका ‘कसर’ किंवा ‘अस्वल’ यांचा नसून ‘राजा’ व ‘पिता’ यांचा आहे. त्या प्रतिमा इतक्या स्वाभाविक वाटतात, की त्या प्रतिमा आहेत याचा विसर पडतो. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने, दाई तान्ह्याशी बोबडे बोलते तसा ईश्वर माणसांशी बोलतो, असे म्हटले. प्रतिमांचा दोष दाखविण्यासाठी त्यानेही एक मानवी, आणि तीही स्त्रीची, प्रतिमाच वापरली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आधुनिक टीका : मनुष्याने आपलेच सत्त्व बाहेर प्रक्षेपित करून त्याला ईश्वर मानले, असा सिद्धांत लूटव्हिख फॉइरबाख यांनी १८४१ मध्ये मांडला. ‘उत्पत्ती’ (१:२६-२७) म्हणते की, मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपाचा आहे. फॉइरबाख यांनी हे वाक्य उलटे केले. प्राचीन ग्रीसमध्ये झेनॉफनीझ यानेही, बैल व घोडे यांना हात असते तर त्यांनी आपल्यासारखेच देव रेखाटले असते, असे म्हटले होते. या टीकेस पूर्ण उत्तर प्रतिमांच्या अभ्यासातून मिळत नाही, कारण ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. एवढे मात्र म्हणता येते, की केवळ इच्छापूर्तीतून निर्माण झालेल्या देवाने आपल्याच लोकांना इतके वारंवार दोषी ठरविले नसते.

ईश्वर निर्विकार असतो, हे ग्रीक परंपरेतून आलेले गृहीतक एब्रहॅम हेशेल (१९०७–७२) यांनी आपल्या संदेष्ट्यांवरील ग्रंथात (१९६२) आव्हानित केले. संदेष्ट्यांच्या वाणीतील राग व करुणा हा ईश्वराच्या मानवाविषयीच्या आस्थेचा आविष्कार आहे. अन्याय पाहून न रागावणारा ईश्वर अधिक उदात्त ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. यूरोपातील यहुदी समाजाचा संहार अनुभवलेल्या पिढीच्या या विचारवंताने उदासीन ईश्वराची कल्पना नाकारावी, याला विशेष अर्थ आहे.

स्त्रीवादी समीक्षेने या चर्चेला नवी दिशा दिली. फिलिस ट्रिबल यांनी १९७८ मध्ये ‘रहमिम’ (करुणा) व ‘रेहेम’ (गर्भाशय) या हिब्रू शब्दांच्या नात्याकडे लक्ष वेधून दुर्लक्षित मातृप्रतिमा पुढे आणल्या. बार यांचा व्युत्पत्तीविषयीचा इशारा येथेही लागू पडतो. केवळ धातुसाम्यावर मोठा सिद्धांत उभारता येणार नाही. पण यशया ४९:१५ मध्ये पोटच्या पोराचा विसर न पडणारी आई स्पष्टच आहे. तिच्यासाठी व्युत्पत्तीची गरज नाही. तेथे तुलनाही आईवर थांबत नाही : आई एखादे वेळी विसरेल, पण ईश्वर विसरणार नाही. मातृप्रतिमेलाही ग्रंथाने मर्यादा घातली आहे.

याहून गंभीर प्रश्न होशेय (अध्याय १–३) व यहेज्केल (अध्याय १६ व २३) यांतील पतिप्रतिमेचा आहे. येथे ईश्वर हा व्यभिचारी पत्नीला विवस्त्र करून, लोकांसमोर लज्जित करून शिक्षा देणारा आणि नंतर पुन्हा जवळ करणारा पती आहे. रेनिटा वीम्स यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात, ही प्रतिमा मार खाणाऱ्या स्त्रीला सहनशीलता आणि मारणाऱ्या पुरुषाला समर्थन देऊ शकते, हे दाखविले. पत्नी म्हणजे येथे राष्ट्र आहे आणि ऐकणारे बहुधा पुरुष सत्ताधारी होते, म्हणून त्यांना स्त्रीच्या जागी उभे करून हा त्यांच्यावर केलेला आघात आहे, असे समर्थन केले जाते. ते ऐतिहासिक दृष्ट्या योग्य असले, तरी पुरेसे नाही. रूपक दोन्ही दिशांनी काम करते : पतीच्या अनुभवाने ईश्वर समजतो, तसेच ईश्वराच्या अधिकाराने पतीला बळ मिळते. म्हणून हे अध्याय वाचताना व शिकविताना होशेयाचेच ‘मनुष्य नव्हे’ हे विधान त्यांच्याशेजारी ठेवणे आवश्यक ठरते.

नवा करार : ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूच्या ठायी ईश्वर प्रत्यक्ष मानव झाला. त्यामुळे मानवगुणारोपाचा प्रश्न सुटला, असे वरवर वाटते. परंतु योहानाचे शुभवर्तमान, ईश्वराला कोणी कधी पाहिलेले नाही, हे विधान कायम ठेवूनच पुत्राने त्याला प्रकट केले असे म्हणते (१:१८). येशूच्या शिकवणुकीत ईश्वर मुख्यत्वे पिता आहे. येशूने वापरलेला ‘अब्बा’ हा अरामी शब्द (मार्क १४:३६) म्हणजे लहान मुलाचे लाडिक संबोधन होय, ही समजूत लोकप्रिय आहे. पण प्रौढ अपत्येही तो वापरीत, हे बार यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेले मेंढरू शोधणारा मेंढपाळ, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी स्त्री आणि परतलेल्या पुत्राकडे धावणारा पिता यांचे तीन दाखले ओळीने येतात. पहिला व तिसरा चर्चच्या चित्रकलेत वारंवार आले. घर झाडणारी स्त्री मात्र ईश्वराचे प्रतीक म्हणून क्वचितच स्वीकारली गेली.

चित्रकलेचा परिणाम : सिरियातील ड्यूरा-यूरोपस येथील यहुदी प्रार्थनामंदिराच्या तिसऱ्या शतकातील भित्तिचित्रांत ईश्वराचा केवळ हात आकाशातून येताना दाखविला आहे. मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर (१५०८–१२) दाढीधारी वृद्धाच्या रूपात सृष्टिकर्ता रंगविला, आणि तेच रूप यूरोपीय मनात दृढ झाले. शब्दांतील प्रतिमा एकामागून एक येतात व परस्परांना दुरुस्त करतात. चित्र एकाच प्रतिमेला स्थिर करते. बायबलने मूर्तीला बंदी व उपमेला मुभा का दिली असावी, याचे एक कारण येथे सापडते.

मराठीतील प्रतिध्वनी : मराठी ख्रिस्ती साहित्याचा प्रारंभ मानल्या जाणाऱ्या ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) या फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ग्रंथापासूनच बायबलची कथा देशी भक्तिकाव्याच्या घाटात सांगण्यात आली. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकरी परंपरेमुळे मराठी भाषकाला ईश्वराचे मातृरूप परिचित होते. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून संबोधिले, तेव्हा पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत मागे पडलेली बायबलचीच एक प्रतिमा देशी मार्गाने परत आली, असे म्हणता येईल. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पंडिता रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला समजेल असे बायबल देण्याच्या त्यांच्या प्रयत्नामागेही, धर्मग्रंथाची भाषा पंडितांपुरती राहू नये, हा आग्रह होता. मराठी क्रियापद लिंग दर्शविते. त्यामुळे हिब्रूप्रमाणेच मराठीतही ईश्वर व्याकरणाने पुरुष होतो. व्याकरणाचे लिंग हे ईश्वराच्या स्वरूपाचे विधान नव्हे, हे दोन्ही भाषांच्या वाचकांनी सारखेच लक्षात ठेवावयास हवे.

मूल्यमापन : बायबलमधील कोणत्याही मानवी प्रतिमेचा अर्थ लावताना चार प्रश्न उपयोगी पडतात : शब्दप्रयोग झिजलेला आहे की जिवंत आहे, प्रतिमा कोणती कृती वा कोणते नाते सांगते, त्याच ग्रंथातील कोणती दुसरी प्रतिमा वा कोणता नकार तिला आवरतो, आणि ती आज कोणाच्या हाती कोणती सत्ता देते. पहिले तीन प्रश्न प्राचीन व मध्ययुगीन भाष्यकारांनी कमीअधिक प्रमाणात हाताळले होते. चौथा विसाव्या शतकाने ठळकपणे विचारला. प्रतिमा पूर्णपणे वगळून ईश्वराविषयी बोलण्याचे प्रयत्न यशस्वी झालेले नाहीत, कारण ‘परमोच्च’, ‘आदिकारण’ हे शब्दही उंची आणि कार्य यांच्या मानवी अनुभवातूनच आलेले आहेत. त्या सोडता येत नाहीत म्हणूनच एकट्यादुकट्या प्रतिमेवर सर्व भार टाकणे गैर ठरते. त्यांची विविधता व परस्परविरोध हा संकलकांच्या हातून राहिलेला दोष नसून, अदृश्य मानलेल्या ईश्वराविषयी प्रामाणिकपणे बोलण्याची ती या ग्रंथाची रीत आहे.